पेशंटचा त्रास मोजायचा कसा? नर्सिंग रिसर्चबद्दल थोडं सविस्तर

नर्सिंगमध्ये रिसर्च करते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "कुठल्या आजारावर?" आणि मला उत्तर द्यायला दरवेळी जरा वेळ लागतो, कारण माझं काम कुठल्या एका आजारावर नाहीये, आजारी माणसाला रोज जो त्रास होतो ना, त्याच्यावर आहे. हार्ट फेल्युअरचे आजोबा, खुब्याचं हाड मोडलेल्या आजी आणि पॅरालिसिसचा झटका आलेला चाळीशीतला माणूस, तिघांच्या फाईली वेगळ्या, डॉक्टर वेगळे, औषधं वेगळी. पण तिघांनाही रात्री झोप नाही, तिघांचंही पोट साफ होत नाही, तिघांनाही बेडसोर (एकाच जागी पडून राहिल्याने अंगाला होणारी जखम) होऊ शकतो, आणि डिस्चार्जच्या दिवशी हातात दिलेला गोळ्यांचा कागद तिघांच्याही घरच्यांना नीट कळलेला नसतो. हे सगळं कुठल्याच एका स्पेशालिटीच्या वाट्याला येत नाही. चोवीस तास पेशंटजवळ असतात त्या नर्सेस, त्यामुळे हे प्रश्न त्यांच्याच अंगावर येतात. ते नीट नोंदवायचे, मोजायचे, आणि काय केलं की कमी होतात ते तपासून बघायचं, हे आमचं काम.

यात मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगावंसं वाटतं ते एवढंच, की अभ्यास संपला तेव्हा पेशंटचा त्रास कमी झाला का, हे त्यात मोजलेलं पाहिजे. ऐकायला साधं आहे पण बरेच अभ्यास नेमके इथेच अडकतात, त्यावर खाली लिहिते. आधी बेडसोर घेते कारण एकाच विषयातून नर्सिंग रिसर्च समजावून सांगायचा तर माझ्या मते हाच विषय.

बेडसोर का होतो? माणूस एकाच बाजूवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, तिथल्या पेशींना ऑक्सिजन मिळत नाही. माकडहाड, खुबा, टाच, म्हणजे जिथे हाडावर मांस कमी तिथे आधी. आणि बऱ्याचदा खरं नुकसान आत हाडाजवळ सुरू झालेलं असतं, कातडी फाटेपर्यंत उशीर झालेला असतो. दुसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे घसरणं. पेशंटला पलंग वर करून अर्धवट बसवून ठेवलं की तो हळूहळू खाली सरकतो, कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड खाली जातं, मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. त्यात लघवी-संडासचा ओलावा, त्यात पोटात पुरेसं अन्न नाही, प्रोटीन नाही, की मग जखम भरायची ताकदही उरत नाही.

फ्लोरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्ये 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये लिहून ठेवलंय की पेशंटला बेडसोर झाला तर तो दोष बहुतेक वेळा आजाराचा नसून नर्सिंगचा असतो. ती स्वतः आकडेवारीत पक्की होती, क्रायमियन युद्धातल्या सैनिकांच्या मृत्यूंचे तिने काढलेले आलेख आजही शिकवले जातात, म्हणून तिचं बोलणं मी हलक्यात घेत नाही. पण या वाक्यावर माझं मत थोडं वेगळं आहे. बहुतेक बेडसोर टाळता येतात हे खरं, तरी अगदी शेवटच्या अवस्थेतल्या, रक्तदाब टिकत नसलेल्या पेशंटमध्ये सगळं करूनही कधीकधी होतात. आणि प्रत्येक बेडसोर म्हणजे कुणाची तरी चूक असं वातावरण असलं की वॉर्डातून तो रिपोर्टच होत नाही, सुरुवातीची लाली कुणी लिहीत नाही, थेट जखम झाल्यावर नोंद येते. मग आमच्या हातात जो डेटा येतो तो अर्धा. रिसर्च करणाऱ्याने वॉर्डात पाऊल टाकल्यावर पहिलं काम हे असतं की इथे कुणाला पकडायला आलेलो नाही हा विश्वास तयार करायचा, त्याशिवाय आकडे खरे मिळतच नाहीत.

पुढची मोठी गोष्ट १९६२ ची. ब्रिटनमध्ये डोरीन नॉर्टन या नर्सने दोन सहकाऱ्यांबरोबर वृद्ध पेशंटच्या वॉर्डातल्या नर्सिंगच्या अडचणींवर अभ्यास प्रसिद्ध केला. पाठीला काहीतरी लावायचं आणि चोळायचं म्हणजे बेडसोरची काळजी, असा समज वॉर्डात फार काळ टिकून होता. नॉर्टनच्या कामाने लक्ष दाबाकडे वळवलं, पेशंटची पोझिशन ठराविक वेळाने बदलणं हेच मुख्य. त्याच कामातून नॉर्टन स्केल आलं, पेशंटची शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, तो चालतो-फिरतो का, पलंगावर हलतो का, लघवी-संडासवर ताबा आहे का, या पाच गोष्टींना मार्क द्यायचे आणि १४ किंवा त्याच्या खाली आले की हा पेशंट धोक्यात आहे असं समजायचं. म्हणजे जखम व्हायच्या आधीच कुणावर जास्त लक्ष द्यायचं ते कळतं. नंतर अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८० च्या दशकात ब्रेडन स्केल तयार केलं, ते आज जगभर वापरतात, त्यात सहा गोष्टी आहेत आणि खाणंपिणं, ओलावा, घर्षण हेही धरलंय.

आणि मग तो प्रसिद्ध दोन तासांचा नियम. दर दोन तासांनी कूस बदला, हे आम्ही सगळ्या पाठ करत आलो. पण दोनच तास का? तीन का नाहीत? हा प्रश्न कुणीतरी नीट विचारायला हवा होता आणि तो बर्गस्ट्रॉम यांनीच विचारला. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या (तिकडे म्हणजे वृद्धांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्था) ९४२ वृद्धांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं, दोन तास, तीन तास आणि चार तासांनी कूस बदलायची, सगळ्यांना चांगल्या दाट फोमच्या गाद्या, आणि तीन आठवडे नीट लक्ष ठेवलं. २०१३ मध्ये निकाल आला, तिन्ही गटांत बेडसोर होण्यात लक्षात घेण्यासारखा फरक नव्हता. आता हा निकाल वाचून कुणी म्हणेल चला मग चार तासांनीच फिरवू, तर तसं अजिबात नाही. गादी चांगली होती, प्रत्येक वेळी पोझिशन बदलल्याची आणि कातडी बघितल्याची नोंद होत होती, आयसीयूतले व्हेंटिलेटरवरचे पेशंट त्यात नव्हते. साध्या पातळ गादीवर पडलेल्या, हलताही न येणाऱ्या माणसाला हा निकाल लावता येणार नाही. पण मला यातलं मोल कुठे वाटतं सांगू का, रात्री दोन वाजता आणि चार वाजता उठवलेल्या माणसाची मोडलेली झोप हाही त्रासच असतो ना, आणि चांगली गादी असताना त्याला सलग झोपू द्यायला आता पुरावा आहे. एका त्रासाचा उपाय दुसरा त्रास बनत असेल तर दोन्ही मोजले पाहिजेत.

अजून एक, लाली. पुस्तकात बेडसोरची पहिली स्टेज म्हणजे दाबल्यावर न जाणारी लाली असं लिहिलेलं असतं. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, दिसली तरी रंग जांभळट किंवा नुसता आजूबाजूपेक्षा वेगळा असतो. म्हणून हात लावून बघायचं, जागा गरम लागते का, थंड लागते का, कडक किंवा लिबलिबीत लागते का, पेशंट तिथे दुखतं म्हणतो का. आणि अशी जागा चोळायची नाही, खालची पेशी आधीच जखमी असते. टाचांसाठी पोटरीखाली उशी, टाच हवेत. पलंगाचं डोकं, इतर काही कारण नसेल तर, ३० अंशांच्या वर नाही. हे सगळं कुणीतरी बसून तपासलेलं आहे म्हणून आज सांगता येतंय.

वॉर्डातल्या रूढी तपासणं हा तर मला सगळ्यात आवडणारा भाग. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवणं घ्या. १९७२ मध्ये ब्रिटनमध्येच शीला हॅमिल्टन-स्मिथ यांनी यावर नर्सिंगचा अभ्यास केला, पेशंट गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ उपाशी-तहानलेले राहतात हे दाखवलं. आजच्या भूलतज्ज्ञांच्या गाइडलाइन्स सांगतात की ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी, विशेष धोका नसलेल्या पेशंटला, पाण्यासारखे स्वच्छ द्रवपदार्थ दोन तास आधीपर्यंत आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत चालतं. तरी लिस्टमध्ये शेवटचा नंबर असलेला माणूस दुपारपर्यंत कोरड्या तोंडाने पडलेला मी आजही बघते, कारण "रात्री बारापासून काही नाही" ही एक ऑर्डर सगळ्यांना देणं सोपं पडतं. इथे ज्ञान कमी नाहीये, माहिती सगळ्यांना आहे, अडतं ते ऑपरेशनची लिस्ट बदलली हे वॉर्डाला कळवण्यावर. म्हणजे यावर पुढचा अभ्यास करायचा तो फोन कुणी कुणाला करायचा यावर, उपासाच्या धोक्यांवर अजून एक पेपर लिहून काही होणार नाही. (कुणी करणार असेल तर प्लीज पेशंटला तहान किती लागली हे पण विचारा, तास मोजून थांबू नका.)

दुखण्याबद्दल थोडक्यात. १९६८ मध्ये मार्गो मॅकॅफ्री या नर्सने सांगितलं की पेशंट जे दुखतंय म्हणतो तेच दुखणं, आणि तो जेव्हा दुखतंय म्हणतो तेव्हा ते असतं. तोपर्यंत बघणाऱ्याला जेवढं वाटेल तेवढं दुखणं असा कारभार होता, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अजूनही कुठेकुठे आहे, शांत पडलेल्या माणसाला दुखत नाही असं धरलं जातं. मग जॅक हेवर्ड यांनी १९७५ मध्ये दाखवलं की ऑपरेशनआधी नीट समजावून सांगितलेल्या पेशंटची चिंता कमी होते आणि नंतर पेनकिलरही कमी लागतात. त्याच वर्षी जीन जॉन्सन आणि सहकाऱ्यांचा लहान मुलांवरचा अभ्यास आला, प्लास्टर कापताना मुलं घाबरतात, तर त्यांना आधी करवतीचा आवाज ऐकवला, कसं थरथरल्यासारखं वाटेल, गरम लागेल हे सांगितलं, आणि अशी मुलं बरीच शांत राहिली. काय करणार आहोत यापेक्षा तुला काय जाणवेल हे सांगणं जास्त उपयोगी पडलं. मी हे रोज वापरते, कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायची नळी) लावताना, ड्रेसिंग सोडवताना, कॅथेटर (लघवीची नळी) काढताना, आणि दहा सेकंदाच्या वाक्याने समोरच्याचे खांदे सैल पडलेले दिसतात.

आता वर म्हटलं ती अडचण. नर्सिंगचे विद्यार्थी प्रबंध करतात त्यातले खूपसे एकाच साच्यातले असतात, अमुक आजाराबद्दल पेशंटचं ज्ञान किती, आधी प्रश्नावली, मग शिकवण्याचा एक कार्यक्रम, मग सात दिवसांनी तीच प्रश्नावली, मार्क वाढले, निष्कर्ष काढला की कार्यक्रम परिणामकारक आहे. मला या मुलामुलींची मेहनत दिसते, वेळ कमी असतो, गाइडही हाच साचा देतात, म्हणून त्यांना बोलायचं नाहीये. पण मार्क वाढणारच होते, तेच प्रश्न तुम्ही शिकवलेत. डायबेटिसच्या पेशंटने पायांची काळजी या विषयात २० पैकी १८ मिळवले, छान, पण तो रोज पाय बघतोय का? तळवे बघायला त्याला वाकता येतं का? डोळ्यांना दिसतं का? बोटांमध्ये भेग पडली तर कुणाला दाखवायची हे ठरलंय का? महिन्याभराने त्याचे मोजे काढून बघितले का कुणी? छोटाच अभ्यास करायचा असेल तर थोडेच पेशंट घ्या, पण त्यांचे पाय बघा. प्रश्नावली तपासणं सोपं आहे आणि पाय बघायला त्यांच्या घरी जावं लागतं, हे मला मान्य आहे, तरीसुद्धा पाय बघा.

हे घरी जाऊन बघणं किती मोलाचं आहे याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे मेरी नेलर यांचं काम. हॉस्पिटलमधून घरी जाणाऱ्या, परत ॲडमिट होण्याचा धोका जास्त असलेल्या ६५ वर्षांवरच्या पेशंटसाठी त्यांनी डिस्चार्जचं नियोजन आणि नंतर चार आठवडे घरी जाऊन पाठपुरावा, हे काम जास्त शिकलेल्या नर्सेसकडे दिलं. १९९९ मध्ये निकाल छापून आला, २४ आठवड्यांत नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी साधारण ३७ टक्के परत ॲडमिट झाले आणि या नर्सेसच्या गटात २० टक्के. यात नवीन औषध काहीच नव्हतं. घरी गेल्यावर काय सापडतं हे ज्याने बघितलंय त्याला याचं नवल वाटणार नाही, दोन वेगळ्या नावांची एकच गोळी दोन्ही चालू असते, पाण्याची गोळी (लघवी वाढवून अंगातलं पाणी कमी करणारी) बाहेर जायचं म्हणून बंद केलेली असते, वजनकाटा नसतो. हार्ट फेल्युअरमध्ये तर रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन करणं हाच सगळ्यात स्वस्त अलार्म आहे, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते मांस नाहीये, पाणी साठतंय, धाप लागायच्या आधीच फोन करायचा. पण वजन लिहायचं हे सांगणं वेगळं आणि वाढलं तर कुठल्या नंबरवर कुणाला फोन करायचा, तो उचलला जाईल का, हे ठरवून देणं वेगळं.

इथे कुणीतरी नक्की म्हणेल की हे सगळं करायला माणसं कुठे आहेत. बरोबर आहे, आणि त्यावरही रिसर्च आहे. लिंडा एकन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला, एका नर्सकडे एक पेशंट वाढला की ऑपरेशन झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही आकडा जवळजवळ तसाच आला. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, कारण आणि परिणाम अगदी शंभर टक्के सिद्ध झाला असं त्यातून म्हणता येत नाही, पण मधली साखळी बीट्रिस कॅलिश यांच्या कामातून दिसते. त्यांनी २००६ मध्ये नर्सेसनाच विचारलं की ड्युटीत काय राहून जातं, आणि यादी आली ती अशी, पेशंटला चालवणं, कूस बदलणं, वेळेवर भरवणं, समजावून सांगणं, डिस्चार्जची तयारी, धीर देणं, स्वच्छता, इनटेक-आउटपुट (पोटात किती पाणी गेलं, किती लघवी झाली) लिहिणं, लक्ष ठेवणं. बघा, इंजेक्शनं या यादीत नाहीत, ती दिली जातात कारण त्यांची सही लागते. जे राहून जातं ते सगळं तेच आहे ज्यावर मी वर एवढं लिहिलं. म्हणून स्टाफ वाढवा ही मागणी करताना नुसतं आम्ही थकतो म्हणण्याबरोबर हे पण मोजून मांडलं पाहिजे की आज कुणाची कूस बदलायची राहिली.

संमतीबद्दल बोलायचं राहून जाईल म्हणून इथेच. पलंगावर पडलेला माणूस, ज्याला पाणी सुद्धा सिस्टरने द्यायचं, तो त्याच सिस्टरला अभ्यासात भाग घेणार नाही असं कसं सांगणार? एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर सही असते, पण ती सही घेणारी व्यक्ती त्या पेशंटची सेवा करणारी नसावी असं माझं ठाम मत आहे, आणि नाही म्हटल्यावरही सगळं तसंच मिळेल हे त्याला दोनदा सांगावं, एकदा सही घेताना आणि एकदा दुसऱ्या दिवशी, शांतपणे.

सध्या माझ्या डोक्यात जो प्रश्न आहे तो घरचा आहे. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास हॉस्पिटलमधले किंवा नर्सिंग होममधले, पण अंथरुणाला खिळलेली असंख्य माणसं घरी असतात आणि त्यांची कूस बदलणारी व्यक्ती एकच असते, बायको किंवा सून किंवा मुलगा, तिची स्वतःची पाठ दुखत असते, तिलाही झोप लागते. तिला दर दोन तासांनी फिरवा असं सांगून पाठवणं मला आता जमत नाही. तिला जमेल असं वेळापत्रक तिच्याबरोबर बसून ठरवलं, रात्रीसाठी सलग एक मोठा टप्पा ठेवला, त्याच्या बदल्यात गादी चांगली दिली, चादरीने सरकवायची पद्धत हाताला धरून शिकवली, तर पेशंटच्या कातडीचं काय होतं आणि तिच्या पाठीचं, झोपेचं काय होतं, हे दोन्ही मला एकत्र मोजायचंय. कातडी बघायला दोन नर्सेस वेगवेगळ्या जातील, एकीने काय लिहिलं ते दुसरीला माहीत नसेल, कारण ओलाव्याने झालेलं सोलपटणं आणि पहिल्या-दुसऱ्या स्टेजचा बेडसोर यात अनुभवी नर्सेसचाही गोंधळ होतो. प्रस्ताव लिहायला घेतलाय. काळजी घेणाऱ्या व्यक्तीची झोप कशाने मोजायची यावर अजून अडलंय, डायरी लिहायला सांगितली तर तेही तिच्याच माथी अजून एक काम होतं, म्हणून रोज सकाळी फोन करून दोनच प्रश्न विचारायचे, रात्री किती वेळा उठलात आणि आत्ता कसं वाटतंय, असं सध्या ठरवतेय.